काळी आई आणि कार्पेट एरिया

अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या दोन पट्ट्यांत सध्या दोनच प्रकारचे लोक राहतात. घर पाडायला देऊन भाड्याच्या घरात गेलेले, आणि घर पाडायला कधी द्यायचं याच्या मीटिंगला बसलेले. दोघांच्याही बोलण्याचा विषय एकच, जमीन. चौरस फूट आणि चौरस मीटर यांतला फरक ज्यांना कालपर्यंत मुलांच्या गणिताच्या पुस्तकात बघावा लागायचा, ते आज फंजिबल, टीडीआर, डीम्ड कन्व्हेयन्स आणि कलम 79अ ही नावं न अडखळता घेतात. समोरचा रस्ता कागदावर किती मीटर आणि प्रत्यक्षात किती, शेजारच्या सोसायटीला किती टक्के जादा मिळालं, बिल्डरने याआधी किती टॉवर अर्धवट सोडले, सगळं विचारून होतं. फक्त या जमिनीच्या पोटात काय आहे, हे कुणी विचारत नाही.

आणि विचारणार तरी कसं? उपनगरातल्या माणसाची जमीन म्हणजे प्रॉपर्टी कार्डावरचा आकडा. ती त्याच्या मालकीची असते, पण तो तिच्यावर कधी उभा नसतो. तो तिसऱ्या मजल्यावर असतो.

आमची सोसायटी मुलुंडची. नाव सांगत नाही, कारण बिल्डरच्या वाट्याचे काही फ्लॅट अजून विकायचे आहेत आणि त्याचे पैसे अडकले की आमचं भाडं अडकतं. सत्तरच्या दशकातली तीन मजली इमारत, मागच्या भिंतीला लागून पूर्वी एक गाळा होता. तिथे ट्रक दुरुस्त व्हायचे, काळी पिंपं उभी असायची आणि पावसाळ्यात आमच्या गटारावर इंद्रधनुष्य दिसायचं. आम्ही मुलं ते बघायला जायचो. मोठी माणसं म्हणायची, पाय घालू नका, डाग निघत नाहीत. यापलीकडे त्या काळात पर्यावरण नव्हतं.

इमारत पडली, भूमिपूजन झालं, नारळ फुटला, पेढे वाटले आणि पोकलेन खाली उतरला. खणायचं होतं दोन मजले खोल, कारण प्रत्येक सभासदाला गाडी लावायला एक जागा कबूल झाली होती. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी तर ती जागा जास्त भांडून मिळवली होती. आधी फरशा निघाल्या, मग विटांचा भराव, मग लालसर मुरूम. आणि मग एका सकाळी काळं निघालं.

काळं म्हणजे शेतकरी जिला काळी आई म्हणतो ते नव्हे. हे चकाकणारं, चिकट, रॉकेल, डांबर आणि नेलपॉलिश यांचा एकत्र वास येणारं काहीतरी होतं. त्यात कुजलेली चिंधी, गंजलेला बेअरिंगचा तुकडा आणि 1970 सालच्या आसपासची एक शाबूत रबरी चप्पल. पोकलेनचा ऑपरेटर झारखंडचा. त्याने आयुष्यात जेवढी मुंबई खणली आहे तेवढी आपण पाहिलेलीही नाही. तो इंजिन बंद करून खाली उतरला, नाकाला रुमाल लावला आणि सुपरवायझरला म्हणाला, "साब, ये मिट्टी नहीं है. मिट्टी जैसा कुछ है." या सगळ्या प्रकरणात पुढे जे सल्लागार आले, त्यांच्यापैकी कुणीही याहून नेमकं निदान केलं नाही. फी मात्र घेतली.

दुपारपर्यंत फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. भाड्याने डोंबिवलीपासून दहिसरपर्यंत विखुरलेले आम्ही सगळे पाच मिनिटांत भूगर्भतज्ज्ञ झालो. पहिला संदेश, "तेल लागलं का?" कुणीतरी माहिती दिली की बॉम्बे हायचं तेल 1974 साली सापडलं, तेही आपल्याच समुद्रात, म्हणजे झिरपत झिरपत इकडे येणं अशक्य नाही. त्यावर बी विंगमधल्या एकाने तातडीने प्रस्ताव मांडला की तेल लागलंच असेल तर प्रत्येकाला पाच टक्के कार्पेट एरिया वाढवून मिळाला पाहिजे. खनिज तेल सरकारच्या मालकीचं असतं, असं सेक्रेटरींनी लिहिलं, तेव्हा त्यांच्यावर बिल्डरला विकले गेल्याचा आरोप झाला. इंग्रजांचा दारूगोळा आहे असं म्हणणाराही एक गट होता. तळमजल्यावरच्या काकूंचं मत पडलं की जुन्या संडासाची टाकी फुटली असणार. ग्रुपवरच्या सगळ्या मतांत रसायनशास्त्राच्या सर्वांत जवळ जाणारं मत ते होतं.

साइटवर मीटिंग झाली. बिल्डरच्या तरुण इंजिनिअरने जाडजूड सॉइल रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "काका, माती तर आम्ही आधीच टेस्ट केलीय. उत्तम आहे." आता हे खोटं नव्हतं. बांधकामाआधी जी माती तपासतात तिची पद्धत अशी. भोक पाडायचं, त्यात एक नळी उभी करायची, तिच्यावर 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटर उंचीवरून टाकत राहायचा आणि नळी 30 सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं. जितके ठोके जास्त, तितकी माती चांगली. मातीची लायकी ती किती मार खाते यावर ठरते. ती विषारी आहे का, हे या परीक्षेत विचारलेलं नसतं, आणि जे विचारलेलं नाही त्याचं उत्तर विद्यार्थ्याने द्यायचं नसतं.

पण मातीने दिलं होतं. ए विंगमधले निवृत्त रसायनशास्त्राचे सर चष्मा पुसून तो रिपोर्ट खरोखरच वाचायला लागले. त्या रिपोर्टच्या इतिहासात असं करणारे ते पहिले गृहस्थ असावेत. मधल्या कुठल्याशा पानावर, तिसऱ्या बोअरच्या रकान्यात, मातीच्या वर्णनापुढे बारीक अक्षरात छापलं होतं, "ब्लॅकिश, ऑइली, फाउल स्मेलिंग सिल्टी क्ले." म्हणजे ज्या मजुराने नमुना काढला त्याला वास आला होता, ज्याने टाइप केलं त्याने तो इमानदारीने टाइप केला होता, इंजिनिअरने सही केली होती, आमच्या समितीने पोच दिली होती आणि आर्किटेक्टने शेवटचं पान उघडून भारक्षमतेचा आकडा टिपून घेतला होता. वास कुणाच्याच रकान्यात बसत नव्हता. सरांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं. इंजिनिअर म्हणाला, "सर, ते डिस्क्रिप्शन आहे. कन्क्लूजन नाही."

आमच्या प्रकल्पाला वास्तुतज्ज्ञही होते. त्यांनी आग्नेयेला स्वयंपाकघर यावं म्हणून दोन विंगांचे नकाशे फिरवून घेतले होते. त्यांना सरांनी विचारलं की शास्त्रात मातीबद्दल काही नाही का? तज्ज्ञ म्हणाले, माती न्यूट्रल असते. आता गंमत अशी की जुन्या वास्तुग्रंथांत दिशांच्याही आधी मातीची परीक्षा येते. तिचा रंग पाहायचा, वास घ्यायचा, चवही घ्यायची. (ही शेवटची पायरी लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही बाजूंना कृपया वगळावी.) घर बांधण्याआधी जमिनीतली हाडं, केस, कोळसा, लोखंड असलं सगळं शल्य खणून काढायचं, त्याला शल्योद्धार म्हणतात. ते असेल तर घरधन्याला पीडा होते, असं शास्त्र म्हणतं. पीडा कशी होते हे त्या ग्रंथकारांना रसायनांच्या भाषेत सांगता आलं नसतं, पण खणा आणि बघा हा सल्ला पक्का होता. आम्ही शल्य तसंच ठेवून स्वयंपाकघर आग्नेयेला नेलं होतं.

त्याच शास्त्रात आणखी एक परीक्षा आहे. एक खड्डा खणायचा आणि निघालेल्या मातीने तोच पुन्हा भरायचा. माती कमी पडली तर भूमी अशुभ, बरोबर भरला तर मध्यम, आणि माती उरली तर उत्तम. या कसोटीवर मुंबई उपनगरं साऱ्या भारतवर्षात अव्वल ठरतील. इथे माती उरतेच. उरलेली माती टाकायची कुठे, हाच या शहराचा गेल्या शंभर वर्षांचा प्रश्न आहे.

या शंभर वर्षांबद्दल उपनगरातल्या जुन्या माणसाला विचारून पाहा. "पूर्वी इथे काय होतं हो काका?" काका हात हवेत फिरवतील आणि म्हणतील, "काहीच नव्हतं." या काहीच नसण्यात भातखाचरं येतात, मिठागरं येतात, खाजण येतं, म्हशींचे तबेले येतात, खाणी येतात, आणि औषधं, रंग, सुटे भाग बनवणारे कारखानेही येतात. घाटकोपर ते मुलुंड हा रस्ता एकेकाळी भोंग्यांवर चालायचा. भोंगे थांबले, तिथे मॉल आले, मॉलही थकले, आता टॉवर येताहेत. अंधेरी-साकीनाक्याला गाळ्यांच्या जागी काचेची ऑफिसं आहेत. अंधेरीचं लोखंडवाला संकुल दलदलीच्या जागेवर उभं आहे. वरची इमारत दर पिढीला बदलते, खालची माती पहिल्या पिढीपासून तशीच पडून असते आणि तिला सगळं आठवत असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची असते ना, तशी उपनगरातली झाकली जमीन चौरस फुटाला तीस-पस्तीस हजाराची.

कचऱ्याचा इतिहास तर आणखी रीतसर आहे. कुर्ला ते चेंबूर हा रेल्वेमार्ग 1906 साली माणसांसाठी टाकलाच नव्हता, तो शहराचा कचरा वाहून नेण्यासाठी होता. माणसांना त्यावरून जायची परवानगी 1924 साली मिळाली. हार्बर लाइनवर संध्याकाळी सहाला उभं राहिलेल्या माणसाला हा क्रम आजही जाणवतो. देवनारचं डम्पिंग 1927 पासूनचं. मुलुंडचं 1967 पासून, सुमारे 24 हेक्टर. ते 2018 साली बंद झालं, तोवर तिथे अंदाजे 70 लाख टन कचरा साठला होता. तो उपसून जागा मोकळी करायला महापालिकेने 558 कोटींचं कंत्राट दिलं, म्हणजे टनाला आठशे रुपयांच्या आसपास. आमच्या आईने महिन्याला पाच रुपये देऊन जो कचरा उचलून नेववला होता, तोच परत उचलायला हा दर. देवनारसाठी 2025 साली निविदा निघाली ती 2,368 कोटींची. कचरा टाकताना स्वस्त पडतो, हे खरंच आहे.

बोरिवलीकर या बाबतीत हुशार निघाले. गोराईचं डम्पिंग 1972 ते 2007 चाललं, 19.6 हेक्टरांवर सरासरी 26 मीटर उंचीचा डोंगर झाला. मग त्याला उतार दिला, वरून अस्तर घातलं, माती टाकली, गवत लावलं आणि आतून निघणारा वायू नळ्यांनी गोळा करून जाळायची सोय केली. त्या जाळलेल्या वायूच्या हिशोबावर कार्बन क्रेडिट मिळवण्याचा करार आशियाई विकास बँकेशी झाला. बटाट्याच्या सालींतून परकीय चलन काढणारं उपनगर एकच, बोरिवली. आमच्या मुलुंडमध्ये याबद्दल असूया आहे.

पण सगळ्यांत बोलका किस्सा मालाडचा. चिंचोली बंदरचं डम्पिंग बंद झालं आणि त्या परिसरात, पुरलेल्या कचऱ्यावरच, माइंडस्पेस नावाचं चकाचक संगणक-संकुल उभं राहिलं. दोन हजारच्या दशकात तिथे हजारो पोरं गळ्यात पट्टा अडकवून रात्रपाळीला जायला लागली. आणि संगणक मरायला लागले. नवे कोरे सर्व्हर, एसी, सर्किट बोर्ड, एकामागून एक. कंपन्यांनी आधी पुरवठादाराला धरलं, मग वीज कंपनीला, मग धूळ, मग दमट हवा. शेवटी खाली काय पुरलंय ते कुणाला तरी आठवलं. कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेनबरोबर हायड्रोजन सल्फाइड निघतो. आजीची चांदीची वाटी जो काळी करतो तोच. संगणकाच्या पोटात तांबं आणि चांदी, वायूला काय, वाटी आणि मदरबोर्ड सारखेच. लोकांच्या डोकेदुखीच्या, मळमळीच्या तक्रारी आधीपासून होत्या. पण त्यांच्याकडे लक्ष गेलं ते सर्व्हर आजारी पडल्यावर. माणूस आजारी पडला तर तो रजा टाकतो, सर्व्हर टाकत नाही. तो थेट परदेशातल्या ग्राहकाला कळवतो.

हे आपल्याकडेच होतं असं समजून लगेच लाजायला नको. अमेरिकेत नायगारा धबधब्याजवळ लव्ह कॅनल नावाची जागा आहे. तिथे एका रसायन कंपनीने वीस हजार टनांहून अधिक रासायनिक कचरा पुरला आणि 1953 साली ती जमीन शिक्षण मंडळाला एका डॉलरला विकली. खरेदीखतात एक कलम टाकलं की पुढे काही झालं तर आम्ही जबाबदार नाही. मंडळाने तिथे शाळा बांधली, आजूबाजूला घरं आली, आणि 1978 साली राष्ट्राध्यक्षांना आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली. आपल्याकडे शिक्षणसंस्थांना नाममात्र एक रुपया भाड्याने भूखंड मिळतात, तेव्हा आपण त्यातला राजकीय संबंध शोधतो. वासही घ्यायला हवा, हे लव्ह कॅनलमुळे कळतं.

आमच्याकडेही कलम निघालं. बिल्डरच्या वकिलांनी पत्र पाठवलं की प्रकल्पाला होणारा उशीर ही दैवी आपत्ती आहे, म्हणून त्या काळाचं भाडं ते देणं लागत नाहीत. ट्रकच्या ग्रीसमागे देवाचा हात आहे, हे प्रथमच लेखी आलं. समितीत उलट युक्तिवाद असा की माती आमची नाहीच, करार झाला त्या दिवशी जमीन आहे तशी बिल्डरच्या ताब्यात दिली. चांगली माती निघती तर ती कुणाची, यावर नक्कीच भांडण झालं असतं. काळी निघाल्यावर दोन्ही पक्षांनी कमालीचं औदार्य दाखवून ती एकमेकांना देऊ केली.

तेवढ्यात डंपरवाला आला. हा माणूस कुणी बोलावला ते कुणी कबूल केलं नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. "साहेब, कशाला टेस्ट-बिस्ट? दोन रात्रींचं काम. सकाळी खड्डा साफ. कुठे नेतो ते तुम्ही विचारायचं नाही, मी सांगायचं नाही. कुणाला तरी भराव लागतोच ना." आणि खरंच लागतो. कुठेतरी गोदाम उभं राहत असतं, कुठे खाडीकाठी क्रिकेटचं मैदान, कुठे नव्या संकुलाचा पाया. तिवरांच्या पन्नास मीटरच्या आत भराव टाकू नका, असा उच्च न्यायालयाचा 2005 सालचा आदेश आहे, पण आदेशाला रात्री दिसत नाही. मुलुंडची माती तिकडे जाते, पंचवीस वर्षांनी तिकडचा पुनर्विकास निघतो, तिथला पोकलेन थांबतो, तिथला ऑपरेटर नाकाला रुमाल लावतो, आणि तिथल्या समितीला अंदाजही नसतो की हे ग्रीस मुळात आमच्या मागच्या गाळ्यातलं आहे. सरकारी नोकराची झाली नसेल इतकी बदली मुंबईच्या मातीची झाली आहे. फक्त ती कधी निवृत्त होत नाही.

सरकारचंही मातीवर लक्ष आहे, पण वेगळ्या अंगाने. सरकारी भाषेत माती आणि मुरूम हे गौण खनिज. उचललं की ब्रासमागे 600 रुपये स्वामित्वधन. पाया खणताना निघालेल्या मातीवरही ते घ्यायचं का, यावर पुण्याच्या बिल्डरांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत धडक मारली, आणि 2014 साली न्यायालयाने सांगितलं की नुसतं खणलं म्हणून आकारणी करता येणार नाही, त्या मातीचं पुढे काय केलं ते बघा. ते बघा, हाच तर कळीचा शब्दप्रयोग होता. आमच्या काळ्या चिकट्यावर रॉयल्टी किती, असं सेक्रेटरींनी तहसील कार्यालयात विचारलं, तेव्हा तिथल्या कारकुनाने इतकंच विचारलं, "ब्रास किती?" वासाचा रकाना तिथेही नव्हता.

मग सरांनी हट्ट धरला की प्रयोगशाळेत पाठवू. प्रयोगशाळेने विचारलं, कशाकशाची तपासणी करायची? प्रत्येक घटकाचे वेगळे पैसे. यावर खजिनदारांनी सुचवलं की जे निघणार नाही त्याचीच तपासणी करून घेऊ. सूचना मताला टाकली असती तर मंजूर झाली असती. सरांनी यादी स्वतः लिहिली, आणि रिपोर्ट आला, पेट्रोलियमचे हायड्रोकार्बन भरपूर, शिसंही. सरांनी वर्ग घेतला. आपल्याकडे शिशाचं पेट्रोल 2000 साली बंद झालं, पण शिसं मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, विरत नाही, कुठे जात नाही. तेलाचं तसं नाही, ते खाणारे जिवाणू असतात. 'टेरी' या संस्थेने अशा जिवाणूंचं 'ऑइलझॅपर' नावाचं मिश्रण तयार केलं आहे, ते मातीत मिसळतात आणि महिनोन्‌महिने वाट बघतात. "म्हणजे ते तेल पचवतात?" "हो." "शाकाहारी आहेत ना?" हा प्रश्न बी विंगमधून आला. आमच्या प्रकल्पाच्या जाहिरातपत्रकात फक्त शाकाहारी कुटुंबांसाठी असं छापलेलं असल्यामुळे तो वाजवीच म्हणावा लागेल. जिवाणू शाकाहारी ठरले, पण त्यांना लागणाऱ्या महिन्यांचं भाडं कोण देणार, यावर ते बाद झाले.

उरला तो सरळ मार्ग. सरळ मार्ग म्हणजे घातक कचरा म्हणून रीतसर तळोज्याच्या विल्हेवाट केंद्रात पाठवणे. पालिकेची बांधकामाच्या राडारोड्याची केंद्रं आहेत, एक दहिसरला, एक शीळजवळ डायघरला, दिवसाला प्रत्येकी 600 टनांची. पण ती विटा-काँक्रीट खातात, ग्रीस नाही. तळोज्याला न्यायचं तर सोबत एक पत्रक लागतं, त्याच्या सात प्रती, सात रंगांच्या. पांढरी, पिवळी, गुलाबी, नारिंगी, हिरवी, निळी, करडी. एक प्रदूषण मंडळाला, एक आपल्याकडे, एक वाहतूकदाराकडे, एक माल घेणाऱ्याकडे, अशी वाटणी, आणि करडी, माल परराज्यात गेला तर त्या प्रकरणापुरती. लहानपणी गटारावर पाहिलेल्या त्या रंगांना अखेर सरकारी नमुना मिळाला, असं माझ्या मनात आलं. पण समितीचं वातावरण गंभीर होतं, त्यामुळे बोललो नाही.

दरम्यान केंद्र सरकारने जुलै 2025 मध्ये प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियमच काढले. आधी जिल्हा प्रशासनाने संशयित जागा कळवायच्या, मग राज्य मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, मग सविस्तर, मग ज्याने घाण केली त्याच्याकडून खर्च. देशभर 103 जागा सापडल्याचं आणि त्यांतल्या सातच ठिकाणी सफाई सुरू झाल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. सेक्रेटरींनी नियम छापून आणले आणि म्हणाले, बघा, मुलुंडच्या डम्पिंगलाही न्याय मिळेल. सरांनी वाचून दाखवलं की घनकचऱ्याच्या डम्पिंगच्या जागा या नियमांतून साधारणपणे वगळल्या आहेत. किरणोत्सारी कचरा, खाणी आणि समुद्रातल्या तेलगळतीबरोबर. म्हणजे उपनगरात जी घाण डोळ्यांनी दिसते आणि नाकाने कळते, ती सोडून बाकीची. आमच्या गाळेवाल्याला शोधून खर्च मागावा, असाही ठराव झाला. तो गाळेवाला 1980 च्या आधीच जागा विकून गेला, हे काकूंना माहीत होतं. कुठे गेला? "भिवंडीला," काकू म्हणाल्या. "तिथे मोठं गॅरेज घातलं म्हणे."

शेवटी काय झालं ते सांगतो, कारण असल्या लेखात ते राहून जातं. बिल्डरला बँकेचा हप्ता होता, आम्हाला घर हवं होतं, आणि सर गप्प बसत नव्हते. काळा थर वेगळा काढला, ताडपत्रीवर ठेवला, वरून ताडपत्री टाकली, म्हणजे पावसाने पुन्हा खाली झिरपायला नको. ज्याच्यात आकडा जास्त आला ते तळोज्याला गेलं, सातही रंगांसह. खड्ड्याच्या तळाची माती पुन्हा तपासली. खर्चाचा अर्धा भाग बिल्डरने उचलला आणि अर्धा आमच्या कॉर्पस फंडातून वळता झाला. भाड्याबद्दलचं भांडण अजून चालू आहे, आणि पहिल्या सर्वसाधारण सभेत ते पुन्हा निघेल, अशी मला खात्री आहे. ज्यांच्याकडे गाडी नाही ते पार्किंगवरून अजून भांडताहेतच.

डंपरवाला मात्र हात हलवत परत गेला नाही. शेजारच्या गल्लीत दुसऱ्या सोसायटीचं खोदकाम सुरू झालंय, तिथे त्याला काम लागलं. ती जागा पूर्वी बॅटरीच्या दुकानाची होती, असं ऐकतो.

तेव्हा पुनर्विकासाच्या मीटिंगला बसलेल्या वाचकांनो, लॉबीचा संगमरवर इटालियन की राजस्थानी, हे ठरवून झालं की दोन गोष्टी करा. सॉइल रिपोर्ट शेवटच्या पानावरून नाही, पहिल्या पानापासून वाचा, आणि वर्णनाच्या रकान्यात वास हा शब्द आला तर बिल्डरला लेखी विचारा. आणि तुमची जागा ठाणे, भिवंडी, पनवेलकडे कुठे असेल आणि कुणी भराव फुकट आणून टाकतो म्हणाला, तर टेम्पो रिकामा करू देण्याआधी एक मूठ हातात घ्या. चव घेऊ नका. वास घेतला तरी पुरे.